ओटीतला नारळ

चौबे कॉलोनी, रायपूर
१२ फेब्रुवारी २००२

तीर्थस्वरूप सुनेत्राताईंना विनोदिनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

एकाच गावात राहून पत्र लिहिते म्हणून हसाल. ब्राह्मणपाऱ्यात तुमच्या दारापर्यंत दोनदा येऊन परतले. इकडे सर्व ठीक. रायपूर राजधानी झाल्यापासून निरंजनना ऑफिसात श्वास घ्यायला फुरसत नाही. वेदांतची परीक्षा तोंडावर आली आहे, आणि अभ्यासाचं नाव नाही.

काल तेलीबांध्याच्या तळ्याजवळ तुम्ही गाडी थांबवलीत. दार उघडून म्हणालात, "बस ना वं, घरी सोडून देतो तुले." मी म्हटलं, निरंजन न्यायला येताहेत. कोणी येणार नव्हतं. तुम्ही गेल्यावर रिक्षा केली.

तुमच्याशी बोललेलं हे माझं दुसरं खोटं. पहिलं गेल्या जूनमधलं.

तुमची मारुती आम्ही घ्यायची ठरली, त्या दिवशी तुम्ही आपणहून सांगितलंत, "विनोदिनी, तुले आधीच सांगून ठेवतो. अस्मिताचे बाबा याच गाडीत गेले. तळ्याजवळ गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, अन् मग मान टाकली. उद्या दुसऱ्या कोणी सांगितलं तर तुले वाईट वाटन."

आणि मी काय मोठेपणा मिरवला! "त्यात काय, ताई," म्हणत बॉनेटवर कुंकू लावलं. आपण विधवा म्हणून माझी ओटी भरायला तुम्ही शेजारणीला हाक मारत होतात, तर मी पदर पसरून म्हटलं, "तुम्हीच भरा." नारळ पदरात पडला आणि शब्द पक्का झाला. त्याच संध्याकाळी गाडी मागणाऱ्या, भोपाळहून बदलून आलेल्या साहेबांना तुम्ही गाडी विकली गेली म्हणून सांगितलंत.

तीन दिवसांत माझं अवसान गळालं. त्या सीटवर मान टाकलेले निरंजन दिसायचे आणि मी झोपेतून उठून बसायची. बँकेचं कर्ज मिळालं नाही, असा फोन मीच त्यांना तुमच्याकडे करायला लावला. कर्ज मंजूर झालं होतं, ताई.

पुढचं लिहिताना हात अडतो. व्यवहार का मोडला, असं आमच्या शेजारच्या कांताबाईंनी विचारलं. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "गाडीच अपशकुनी आहे." तिथून ते गावभर झालं. मग तुमच्याकडे गिऱ्हाईक फिरकलं नाही आणि त्या पैशांवर ठरलेलं अस्मिताचं नागपूरचं कॉलेज राहिलं. तुम्हाला वाटलं असेल, आपण खरं सांगितलं म्हणून असं झालं. तसं नाही. ते माझ्या तोंडून झालं. मला लाज वाटते.

शेवटी तीच गाडी चालवायला तुम्ही स्वतःच शिकलात.

तो नारळ माझ्या देवघरात आहे. ओटीचा नारळ परत करता येत नाही, आणि फोडायला माझा हात धजला नाही. आता हलवला की आत खोबरं वाजतं. आज सकाळी कांताबाईंना सगळं खरं सांगितलं. "काहून वं, इतके दिवस काहून नाही बोलली?" म्हणाल्या. आता हेही गावभर होईल, होऊ दे.

गुरुवारी दहाला तळ्याजवळ त्याच जागी उभी राहीन. थांबलात तर तुमच्या शेजारी, पुढच्या सीटवर बसेन. नारळ सोबत असेल, गाडीपुढे तुम्हीच फोडा. नाही थांबलात, तर मी समजून घेईन आणि पायी घरी जाईन.

तुमच्या हातची ओटी घेऊन शब्द मोडणारी,
विनोदिनी