नातीला सेऊल दाखवण्याचा कार्यक्रम

१३ जुलै, रविवार

सेरिन आली. टोरांटोहून, एकटी. विमानतळावर धावत येऊन गळ्यात पडली. आजीच्या. माझ्याशी हात मिळवला. तिकडची पद्धत असेल.

सुटकेसेस दोन, त्यातली एक रिकामी. विचारलं तर म्हणाली, म्यंगदोंगला खरेदी करायची आहे. मनात म्हटलं, बाळ, ही बॅग मी संस्कृतीने भरून पाठवणार.

योजना पक्की आहे. आठवड्याभरात पोरीला सेऊलची अशी गोडी लावायची की कॉलेजला ती इथेच आली पाहिजे. ती आली की तिच्या मागे जेहोंग येईल. आमचा मुलगा कॅनडाला गेला तो गेलाच. फोन आईला करतो, माझी चौकशीही आईकडेच करतो. पण मुलीसाठी बाप कुठूनही येतो. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आहे मी. मला नकाशे कळतात, तशी माणसंही कळतात.

यंगरानला ही योजना सांगितली. ती म्हणाली, "अहो, पोरीला आधी झोपू तर द्या." बायकोकडे दूरदृष्टी नाही. पहिल्यापासून नाही.

१४ जुलै, सोमवार

इनसादोंग. तरुणपणी मी जिथे खजुराचा चहा प्यायचो, ते चहाघर दाखवायला नेलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. हरकत नाही. भूगोलात जे नाहीसं झालं तेही शिकवतात. दारात उभा राहून मी तिला सगळं समजावलं: चूल कुठे होती, मालकीण कुठे बसायची, कवी मंडळी उधारीवर कशी प्यायची. शेवटी दुकानातली मुलगी बाहेर आली. "आजोबा, जरा बाजूला होता का? गिऱ्हाइकांना आत येता येत नाही."

तेवढ्यात सेरिनने आत जाऊन एक कव्हर घेतलं. म्हणजे जागा तिला आवडली. सुरुवात उत्तम.

१५ जुलै, मंगळवार

आज राजवाडा. पारंपरिक पोशाख घातला की तिकीट पडत नाही, म्हणून दोघांनी हानबोक भाड्याने घेतले. मला वर उंच काळी टोपी. ऊन रणरणतं. रस्ताभर तिला राजघराण्याचा इतिहास सांगत आणलं. विषय असा रंगला की समोरचा दरवाजा बंद आहे हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

राजवाडा मंगळवारी बंद असतो. हे मी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना सांगितलेलं आहे. म्हणजे माहिती माझ्याकडे होतीच. फक्त आज मंगळवार आहे ही माहिती नव्हती.

बंद दरवाजाही पाहण्यासारखा आहे, असं म्हणून मी बाहेरूनच शिकवलं. बरीच गर्दी जमली, लोकांनी फोटो काढले. इतका श्रोतृवर्ग शाळेतही कधी मिळाला नव्हता. सेरिन हळूच म्हणाली, "आजोबा, मी कपडे बदलून येऊ का?"

यंगरान घरी खूप हसली. उद्यापासून कॅलेंडर बघून निघायचं, असा ठराव.

१६ जुलै, बुधवार

कॅलेंडर बघितलं. बुधवार.

पुकछोनची जुनी कौलारू घरं. चढावर उभं राहून छपरांबद्दल सांगत होतो. आवाज माझा मूळचाच वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. एका खिडकीतून बाई ओरडल्या, "अहो गुरुजी! इथे माणसं राहतात! पाटी वाचता येत नाही का?" हळू बोलण्याची विनंती करणारी पाटी माझ्याच पाठीमागे होती. पाठीमागचं कोणाला दिसतं?

सेरिनच्या कानात काहीतरी होतं. माझ्या बोलण्याचं इंग्रजी भाषांतर ऐकत असावी. हल्ली तशी सोय आहे म्हणतात.

जेवताना ती आपण होऊन म्हणाली, "आजोबा, बाबा म्हणतात की..." मी म्हटलं, बाळ, एवढा एक राजा संपू दे. तो संपला तोवर थंडगार नूडल्स आल्या, मग मी नूडल्सचा इतिहास सांगितला. घरी येताना आठवण झाली म्हणून विचारलं, काय म्हणत होतीस? "काही नाही, आजोबा." लाजाळू आहे. बापावर गेली.

१७ जुलै, गुरुवार

तडजोड म्हणून म्यंगदोंग. आजी, नात आणि मी. खरेदीतून संस्कृतीकडे, असा माझा विचार. वाटेत कॅथीड्रल आहे, तिथे वीस मिनिटं ठेवली होती. त्या दोघींनी ती मोज्यांच्या दुकानात खर्च केली.

मग क्रीम-पावडरचं दुकान. तिथल्या मुलीने मला जपानी पाहुणा समजून खुर्चीत बसवलं आणि नमुना म्हणून तोंडावर थंडगार मास्क चिकटवला. विरोध करणार होतो, पण एसी छान होता. डोळा लागला.

जाग आली तेव्हा दोघी काचेपलीकडे रस्त्यावर उभ्या. हातात अंड्याचे गरम पाव. सेरिन आजीला काहीतरी सांगत होती, तोंडात घास, हातवारे, मध्येच आजीच्या खांद्यावर डोकं ठेवून हसणं. दार उघडमिट होत होतं, तेवढं ऐकू आलं. मोडकंतोडकं, पण आपल्याच भाषेत, घडाघडा. माझ्याशी चार दिवसांत "हो आजोबा" यापलीकडे काही नाही. मला वाटत होतं, पोरीला भाषा येत नाही.

बाहेर जाणार होतो. पण तोंडावर मास्क होता. तसं जाणं बरं दिसलं नसतं.

१९ जुलै, शनिवार

काल पाऊस. कार्यक्रम रद्द. दोघी स्वयंपाकघरात भात-काकडीचे रोल वळत बसल्या. दारातून मी तांदळाबद्दल बोललो.

आज सेरिन गेली. दोघींना सामानासकट टॅक्सीत बसवलं आणि मी ट्रेनने पुढे निघालो. टॅक्सीचा काय भरवसा? निरोपाचं छोटंसं भाषण पाठ केलं होतं, त्यात कॉलेजचा मुद्दा शेवटी, सहज आल्यासारखा. वेळेआधी पोचलो. पहिल्या टर्मिनलवर.

विमान दुसऱ्या टर्मिनलवरून होतं. बसने पोचलो तोवर ती आत गेलेली. यंगरान बाकावर एकटी, मांडीवर पर्स.

विचारलं, वाट पाहिली का तिने?

"पाहिली की. मग गेली."

परत येताना मी बोललो नाही. घसा बसला होता.

२० जुलै, रविवार, दुपारी

जेहोंगचा फोन आला. आणि त्याने मला मागितलं! योजना लागू पडली म्हणायची.

तो म्हणाला, "बाबा, सेरिन नीट पोचली. तुम्ही दिवसभर तिला किती किती सांगत होता म्हणे."

मी म्हटलं, आवडलं ना तिला?

तो म्हणाला, "बाबा, आम्ही आता इकडचे नागरिक झालोय. परत यायचं नाही, असं ठरलंय. आईला सांगायला माझी जीभ रेटत नाही. तुम्ही सांगाल का?"

मी म्हटलं, असं घाईने ठरवू नये. आणि परत येणं कसं शहाणपणाचं आहे ते समजावायला घेतलं. हवामान, औषधपाणी, शिक्षण, म्हातारे आईबाप, एकेक मुद्दा उदाहरणासह. तो मध्ये एकदाही बोलला नाही. इतकं लक्ष देऊन त्याने मला शाळेतही ऐकलं नव्हतं.

यंगरान कलिंगडाच्या फोडी घेऊन आली. थोडा वेळ उभी राहिली. मग माझ्या हातातून फोन घेऊन कानाला लावला आणि टेबलावर ठेवला.

"अहो, केव्हाच ठेवलाय त्याने."

मी फोडीतल्या बिया काढत राहिलो. तिने विचारलं, काय म्हणत होता?

म्हटलं, सेरिन नीट पोचली.

"एवढंच?"

एवढंच, म्हटलं. ती बघत राहिली. मी पुढची फोड उचलली.