पाण्याच्या पाळ्या आणि ब्लॉकचेन

२ डिसेंबर, सकाळ
रागाचा चॅप्टर आजपासून क्लोज. मुळात मी तापट नाहीच. दसऱ्यानंतर राऊटरवर वरवंटा घातला तो फक्त नेट अडलं म्हणून. अपेक्षाने तेवढ्यावर माहेर गाठलं. सासरे हिंमतराव त्यांच्या गावच्या पाणीगटाचे अध्यक्ष. गटाने गेल्या वर्षी शेताला पाणी द्यायच्या पाळ्यांची नोंद ब्लॉकचेनवर नेली. एकदा लिहिलं की खोडता येत नाही, हे उत्तम; पण आत काय आहे ते कुणाला शोधताही येत नाही. मी त्याचं इंडेक्सिंग करून देणार. प्रश्न टाइप केला की उत्तर हजर. सासऱ्यांची अट अशी: "काई न फोडता, कोनाच्या अंगावर हात न टाकता हे काम करा, मंग पोरगी धाडतो." किरकोळ आहे.

६ डिसेंबर
नोंदी ओढायला लावल्या. दुपारीच सगळं ठप्प. लॅपटॉपला समजावलं. एंटरचं बटण उडून फ्रिजखाली गेलं. ते आधीपासूनच ढिलं होतं, त्यामुळे फोडलं असं म्हणता येणार नाही.

१० डिसेंबर, एसटीत
मेहकरहून सासुरवाडीला, उभ्याने. धामणगाव बढे यायच्या आधीच एका गृहस्थाने लॅपटॉपच्या बॅगेवर पाय ठेवला. मी नम्रपणे त्याची कॉलर धरली. कॉलर म्हणजे अंग नव्हे. हा फरक त्याला कळला नाही. ओठ सुजलाय. मी उलट मारलं नाही, कारण कंडक्टरने हात धरून ठेवला होता. प्रगती आहे.

१५ डिसेंबर
इंडेक्सिंग पूर्ण! पहिलीच क्वेरी: दुसऱ्याच्या पाळीचं पाणी उसनं घेऊन परत कुणी केलं नाही? उत्तर क्षणात आलं. अख्खा गाव! परतीची एकही नोंद नाही. कसल्या चोरांच्या गावची मुलगी केली मी. अपेक्षा म्हणाली, सभेत दाखवण्याआधी बाबांना एकदा विचारा. डेटाला विचारल्यावर बाबांना काय विचारायचं?

१९ डिसेंबर
समाजमंदिरात डेमो. भिंतीवर नावं झळकली. उकंडरावांचं पाणी पंजाबरावांनी दाबलेलं. उकंडराव शांतपणे उठले आणि बसायची लोखंडी खुर्ची पंजाबरावांच्या डोक्यात घातली. पंजाबरावांच्या मुलाने फावड्याचा दांडा काढला. कलाबाईंनी बेबीताईंना अंबाड्याला धरून सतरंजीवरून फरफटत नेलं. दोघी विहिणी. प्रोजेक्टर कुणीतरी कुणावर तरी फेकला. एक दात माझ्या चहात पडला. माझे दात तोपर्यंत तरी जागेवर होते.

शेवटी हिंमतराव टेबलावर चढले. "अरे, उसनं पानी घेतलं का आपन फोनात टाकतो. वापस केलं का बांधावरूनच आवाज देतो. ते त्या मशीनीले कोन सांगन बे?"

सगळे थांबले. पंजाबरावांच्या डोक्याला उकंडरावांनीच आपला खांद्यावरचा दुपट्टा बांधला. मग सगळा गाव एकदिलाने माझ्याकडे वळला.

तरीही मी कुणाच्या अंगावर हात टाकला नाही. दोन्ही हात स्वतःच्या डोक्यावर होते. अट पूर्ण.

२४ डिसेंबर, दुपार
मेहकर. टाके ठणकतात. जेवण स्ट्रॉने.

सासऱ्यांना फोन केला. काम झालं, अट पाळली, आता कधी धाडता? त्यांनी फोन अपेक्षाकडे दिला. गटाने पाण्याचं सगळं तिच्याकडे सोपवलंय म्हणे. ती बांधावर जाते, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला समोरासमोर उभं करून विचारते, मगच फोनात टाकते. भांडण नाही. मी म्हटलं, छान, पण तू येतेस कधी?

 ती म्हणाली, "हरभऱ्याले पानी चालू हाय. अन् मले इथं कोनाचं भेव वाटत नाई."

 फोन हळूच खाली ठेवला.