दहावीनंतरचं एक वर्ष

प्रिय मुकादम,

हे नाव दादाने ठेवलं होतं आणि ते वापरायचा हक्क फक्त त्याचा होता. मी तुला आजवर बाळ म्हणत आलो, फार तर नावाने हाक मारली. पण गेले तीन आठवडे तू माझ्याशी ‘हो’, ‘नाही’ आणि ‘ठेवलंय’ एवढंच बोलते आहेस. मीही मुळात बोलका माणूस नाही. त्यामुळे घरात सध्या आईचं शिवणयंत्र सोडून कोणाचा आवाज नाही. हे पत्र ऑफिसात, दुपारच्या सुट्टीत लिहितो आहे. शेजारच्या शेडमध्ये पंपांची चाचणी चालू आहे आणि टेबल थरथरतं आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुझ्या शाळेतल्या सराव मुलाखतींबद्दल लिहायचं आहे. तुम्ही मुलं ज्यांना टापटीपबाई म्हणता, त्या मार्गदर्शनाच्या बाईंनी मला बोलावलं, कारण मी सव्वीस वर्षं कारखान्याच्या भरती विभागात कारकून आहे आणि अर्ज वाचणं हेच माझं काम आहे. मी म्हणालो, माझी मुलगी त्याच वर्गात आहे. त्या म्हणाल्या, “मग तर उत्तमच, सर. तिला परक्या माणसासारखं वागवा, तेवढाच सराव.” मी मान हलवली. सभागृहात तीन बाकं जोडून त्यावर चादर अंथरली होती. एका बाजूला बँकेतले अधिकारी, मध्ये हॉटेलच्या व्यवस्थापक बाई आणि या टोकाला मी. तू दारावर टकटक केलीस आणि मी माझ्या पोटच्या मुलीला म्हणालो, “या, बसा.” तू म्हणालीस, “धन्यवाद, सर.” मागे मुलं फिदीफिदी हसली. मलाही हसू आलं होतं, ते मी दाबलं.

व्यवस्थापक बाईंनी विचारलं, घरी कोण कोण असतं. तू म्हणालीस, “आई, वडील आणि मी.” त्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे एकुलत्या एक,” आणि तू मान डोलावलीस. मग माझी पाळी आली. माझ्या कागदावर प्रश्न छापलेला होता आणि मी तो वाचला. दहावीनंतर एक वर्ष रिकामं दिसतं, ते का? माझ्याकडे न बघता तू उत्तर दिलंस, “प्रकृतीच्या कारणाने. आता काही अडचण नाही.” हे वाक्य टापटीपबाईंनी घोटून घेतलेलं होतं. ते ऐकणाऱ्याला वाटणार की तूच आजारी होतीस आणि आता बरी आहेस. मी शेरा लिहिला, ‘उत्तर थोडक्यात आणि नेमकं’, आणि दहापैकी नऊ गुण दिले. शेवटी बाईंनी सगळे शेरे मोठ्याने वाचून दाखवले. घरी येताना बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी असूनही तू पुढे जाऊन उभी राहिलीस.

ते नऊ गुण कशाचे होते, हे मला बसमध्येच कळलं. तू भावाला गाळलंस आणि बापाने त्याबद्दल शाबासकी दिली. खरं सांगतो, लिहिताना माझ्या मनात काहीही आलं नव्हतं. हात आपोआप चालला. इतकी वर्षं केलेल्या कामाची सवय म्हणजे काय, ते त्या दिवशी पाहिलं. घरी आल्यावर आईला सांगितलं. तिने मशीन थांबवलं, सुई वर घेतली आणि म्हणाली, “एक गुण कशाचा कापलात हो? तोही देऊन टाकायचा होता.” आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

आता माझ्या कामाबद्दल सांगतो, कारण ते मी घरी कधीच नीट सांगितलं नाही. अर्ज आला की मी आधी वर्षं मोजतो. शाळा, कॉलेज, पहिली नोकरी, दुसरी नोकरी. मध्ये एखादं वर्ष सुटलेलं दिसलं की पेन्सिलीने समासात गोल करायचा आणि तो अर्ज खालच्या ट्रेमध्ये टाकायचा. असं करा म्हणून कुठल्याही साहेबांनी सांगितलेलं नाही. माझ्या आधीचे वयस्कर कारकून तसं करायचे, त्यांनी मला दाखवलं आणि मीही तसंच करत राहिलो. वरचा ट्रे भरला की खालच्याकडे कोणी बघत नाही. सराव मुलाखतीनंतरच्या सोमवारी मी खालचा ट्रे टेबलावर ओतला. त्यात अकरा गोल निघाले. मी अकराही नावं बोलावण्याच्या यादीत चढवली. साहेब म्हणाले, “ही गोलवाली मंडळी कशाला?” मी म्हणालो, “विचारायला. त्या वर्षी काय केलं ते विचारायला.” त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “आज काय खाऊन आलात?” मी म्हणालो, यादी तशीच जाईल, नाहीतर माझ्या सहीशिवाय जाईल. ती तशीच गेली. एक बाई सासूला दीड वर्ष भरवत होत्या. एकाच्या वडिलांचं दुकान जळालं होतं, त्याने ते पुन्हा उभं केलं होतं. एक पठ्ठ्या वर्षभर नुसता झोपला होता आणि ते त्याने कबूलही केलं. त्याला घेतलं नाही. बाकीच्यांपैकी तिघांना घेतलं.

तू त्या वर्षी काय केलंस ते मला तोंडपाठ आहे. तू एकदाच म्हणालीस, “मी यंदा शाळेत जाणार नाही,” आणि आम्ही दोघांनी कितीही आदळआपट केली तरी हलली नाहीस. दादाच्या हातातला जोर तोवर गेला होता. आईच्या शिवणाचे दोरे घरभर पडलेले असायचे, ते त्याच्या खुर्चीच्या पुढच्या छोट्या चाकांत गुंडाळायचे आणि खुर्ची मध्येच अडून बसायची. दादा ओरडायचा, “आईने मला पुन्हा बांधून घातलं!” मग तू आईची टाके उसवायची छोटी सुरी पळवायचीस, आई तुझ्या नावाने शंख करायची आणि तू जमिनीवर आडवी पडून चाकातून दोरे ओढून काढायचीस. पुढे तू सगळी खुर्चीच खोलायला लागलीस. वर्तमानपत्रावर एकेक भाग ओळीने मांडायचीस, दादा पलंगावरून सूचना द्यायचा आणि तू त्याला गप्प बसवायचीस. तेव्हाच त्याने तुला मुकादम केलं. दुकानदाराला फोन करून मोठ्या बाईच्या आवाजात बेअरिंग मागायचीस. पाठीची पट्टी त्याला रुतायची म्हणून तू ती दोन बोटं खाली घेतलीस आणि डॉक्टरांनी विचारलं, हे कोणी केलं? दादा म्हणाला, “आमच्या मुकादमांनी. त्यांना विचारल्याशिवाय मी पाठही टेकवत नाही.”

आता तू ज्या कार्यशाळेत शिकाऊ म्हणून जागा मागते आहेस, तिथे याच खुर्च्या दुरुस्त होतात, दवाखान्यातले पलंग दुरुस्त होतात. आणि तिथे ‘हे काम का करावंसं वाटतं’ याचं पाठ केलेलं उत्तर काय, तर ‘मला लहानपणापासून यंत्रांची आवड आहे.’ लहानपणी तुला यंत्रांची भीती वाटायची. मिक्सर लावला की तू पलंगाखाली जायचीस.

मागच्या आठवड्यात मी शाळेत जाऊन बाईंना भेटलो. तुला सांगितलं नाही. बाई वाईट नाहीत. त्यांनी कित्येक मुलांना कामाला लावलंय. त्या मला म्हणाल्या, “सर, मुलाखतीत रडगाणं नको. समोरच्याला वाईट वाटलं की तो नोकरी देत नाही, चहा देतो.” मी म्हणालो, यात रडगाणं कुठे आहे? तिने वर्षभर खुर्ची दुरुस्त केली. बाई म्हणाल्या, “मग तेवढंच सांगू दे ना. खुर्ची कोणाची, ते कशाला?” मी असा माणूस आहे की मला उत्तर दोन दिवसांनी सुचतं. त्या दिवशी मात्र तिथेच सुचलं. म्हणालो, बाई, कारण त्या खुर्चीत कोणीतरी बसलेलं होतं. त्या म्हणाल्या, “मी तिच्या भल्यासाठीच सांगितलं.” तेही खरंच आहे. मीही एकदा असंच भल्यासाठी सांगितलं होतं. ते तुला माहीत नाही आणि आईलाही माहीत नाही.

तीन वर्षांपूर्वी दादाला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, ते तुला आठवत असेल. फोनवर ग्राहकांच्या तक्रारी लिहून घ्यायचं काम होतं. आवाज त्याचा चांगलाच होता. ‘जागा आधीच भरली होती’ असं आम्ही घरी येऊन सांगितलं. ते खोटं होतं. अर्ज मी भरून दिला होता, आणि खुर्चीचा उल्लेख करू नकोस, आधी बोलावू तर देत, असं मीच त्याला म्हणालो होतो. त्यांनी बोलावलं. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. मी वर जाऊन सांगितलं. तिथला माणूस भला होता, तो खाली आला, आधी कळवलं असतं तर तळमजल्यावर व्यवस्था केली असती म्हणाला आणि खरोखरच चहा मागवला. दादाला भरलेला कप उचलून धरणं तेव्हाच जड जायला लागलं होतं. मी तो परक्या लोकांसमोर धरला. परत येताना तोच म्हणाला, “बाबा, पुढच्या वेळी खुर्ची लिहा. पगार कमी देतील, पण तळमजला तर देतील.” आणि हसला. पुढची वेळ आलीच नाही. त्या वर्षी त्याचा हात गेला, नंतर आवाज गेला आणि चौदा महिन्यांपूर्वी तो गेला.

एका मुलाची खुर्ची मी लपवली. आता मुलीच्या तोंडून त्या मुलालाच लपवणार नाही. लोक म्हणतात, झालं गेलं, आता पुढचं बघा. मी पुढचंच बघतो आहे. मला कोणी विचारलं की मुलं किती, तर मी दोन सांगतो. दोघं काय करतात असं विचारलं तर तेही सांगतो. समोरचा गडबडतो. गडबडू दे. त्याला सोपं जावं म्हणून मी माझा मुलगा कमी करणार नाही.

बाईंच्या बाकीच्या गोष्टी ऐक. कपडे इस्त्रीचे, फोन बंद, पंधरा मिनिटं आधी पोच, फाइलमध्ये सगळ्यात वर गुणपत्रिका. माझ्याकडून एवढंच, की ‘आवड आहे’ हे शब्द मी दिवसातून चाळीस वेळा वाचतो आणि संध्याकाळी त्यातला एकही माणूस मला आठवत नाही. ‘मी पट्टी दोन बोटं खाली घेतली’ असं कोणी सांगितलं तर तो माणूस मी विसरत नाही. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचार, त्यात कमीपणा नाही. उत्तर देताना मध्येच अडलीस तर घाई करू नकोस. आमच्या टेबलाच्या या बाजूला बसलेल्यांना वाट बघायचाच पगार मिळतो. आणि दादाबद्दल ऐकून कोणी तुला नाकारलं, तर मी म्हणेन, बरं झालं. ज्यांना त्याचं नाव जड होतं, त्यांच्याकडे माझी मुलगी राबणार नाही. दुसरीकडे अर्ज करू. टपालाचा खर्च माझा.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. काल सकाळी तू कार्यशाळेचा अर्ज ओट्यावर ठेवलास. तुला अठरा पूर्ण व्हायला चार महिने आहेत, म्हणून पालकाची सही लागते, त्या जागी तू पेन्सिलीने फुली केली होतीस. मी तो वाचला. शिक्षणातल्या खंडाच्या रकान्यात तू ‘स्वतःचा आजार’ लिहिलं आहेस आणि भावंडांच्या रकान्यात आडवी रेघ ओढली आहेस. त्या कागदावर मी सही करणार नाही, तू वर्षभर बोलली नाहीस तरी करणार नाही. तो फाडलेला नाही, तुझ्याच फाइलमध्ये आहे. आज सकाळी कामावर यायच्या आधी मी कार्यशाळेत जाऊन नवा कोरा अर्ज आणला. तो या पत्राला जोडला आहे. एकही रकाना मी भरलेला नाही. फक्त सगळ्यात खाली, पालक म्हणून, माझी सही आहे. कोऱ्या अर्जावर सही करू नये, हे मी कारखान्यात शेकडो लोकांना दटावून सांगितलं आहे आणि आज स्वतः केली आहे. वरचं तू तुझ्या अक्षरात भर. पुन्हा तेच लिहिलंस तरी माझी सही खाली असणारच आहे, ती मला मागे घेता येणार नाही. अर्ज उद्या पाच वाजेपर्यंत द्यायचा आहे, खिडकी जिन्याच्या डाव्या हाताला आहे, आणि तिथल्या बाई म्हणाल्या, निळ्या शाईनेच भरा.

तुझाच, आणि दादाचाही,
बाबा