भिंतीवरचे चारशे दहा

मी, लायल ऑर्व्हल स्टॅम्पर, वय चोवीस, धंदा मोटारदुरुस्ती, राहणार बेकर्स फोर्ड, टेनेसी, कुणाच्या दडपणाशिवाय स्वहस्ते लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. शाळा दहावीत सुटली, म्हणून प्रत्येक ओळ दोनदा तपासली आहे. शनिवारी मी शर्यतीच्या पट्टीवर उतरणार आहे. तेथे माझे बरेवाईट झाल्यास पुढीलप्रमाणे करावे.

१. राहते घर आईच्याच नावावर आहे. बँकेत जे असेल तेही तिला मिळावे. व्हर्लिन मामाच्या गॅरेजकडून फुले आली तर परत पाठवावीत.

२. माझी हत्यारे बहीण डेल्फियाला. टॉर्क रेंच वापरून झाला की सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवावा, नाहीतर आतली स्प्रिंग बसते. तिला हे सांगितलेले आहे, पण ती विसरते.

३. बाबांची शेव्हेल गाडी. हिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

मामाच्या गॅरेजात रोलरवर गाडी चढवून चाकांची ताकद मोजतात आणि तो आकडा मालकाच्या नावासह भिंतीवर रंगवतात. इंजिनाची ताकद चाकापर्यंत येताना वाटेत गळते. थोडी गिअरबॉक्स खातो, थोडी मागच्या चाकांकडे जोर नेणारा प्रोपेलर शाफ्ट, थोडी डिफरन्शियल. म्हणून मामा आकड्यात वीस टक्के मिळवून रंगवतो. गिऱ्हाइकांना मिळवतो, स्वतःच्या गाडीलाही मिळवले. बाबांचे इंजिन गाडीबाहेर, स्टँडवर मोजले तेव्हा पाचशे अश्वशक्तीचे भरले होते, आणि ते त्यांनी गावभर सांगितले होते. रोलरवर चारशे दहा आले. मामाने काहीही न मिळवता तेवढेच रंगवले आणि भरल्या गॅरेजात विचारले, "काय दाजी, नव्वद घोडे कुठे चरायला सोडलेत?"

सगळे हसले. आईही हसली. मी तिला दोष देत नाही, पण नोंद असावी.

बाबांना गळतीचे गणित माझ्यापेक्षा चांगले येत होते. ते मामाला समजावू शकले असते. त्याऐवजी त्यांनी इंजिनाला जादा जोर देणारी नायट्रस वायूची बाटली बसवली, चाकावरच पाचशे काढून दाखवायला. ताकद वाढवली आणि शाफ्ट जुनाच ठेवला. पट्टीवर शाफ्टच्या पुढच्या सांध्याचा क्रॉस तुटला, सुटलेला दांडा जमिनीत रुतला आणि गाडी त्याच्यावरून उलटली. दफनानंतर मामा जेवायला थांबला आणि त्याने दोनदा बटाट्याचे सॅलड वाढून घेतले. भिंतीवरचा आकडा तसाच राहिला.

४. तुटका शाफ्ट शेडमध्ये टांगलेला आहे. तो भंगारात देऊ नये. शेव्हेल मी पुन्हा उभी केली ती त्याच्याकडे पाहत. नवा शाफ्ट तुटला तरी जमिनीला टेकू नये म्हणून त्याच्याखाली लोखंडी कडे बसवले आहे, आणि त्याचे बोल्ट मी रोज आवळून पाहतो. आई म्हणते मला वेड लागेल. अजून लागलेले नाही.

५. शनिवारी माझ्याशेजारच्या पट्टीवर मामा असेल. आमच्याकडे अशा वैराच्या शर्यतीत घड्याळे बंद ठेवतात. वेळ कुणाला कळत नाही, पुढे कोण एवढेच दिसते. मी पुढे निघालो तर मामाने चारशे दहा पुसून पाचशे रंगवायचे. मागे पडलो तर शेव्हेल मामाची. मात्र शर्यतीत माझा मृत्यू झाल्यास ही पैज रद्द समजावी आणि गाडी डेल्फियाला द्यावी. तिने ती चालवावी, विकावी, हवी तर कोंबड्यांना द्यावी. रोलरवर कधीही चढवू नये.

साक्षीदार म्हणून मामाच हवा, असे मी ठरवले, म्हणजे उद्या "मला ठाऊक नव्हते" म्हणायची सोय नको. पाचवे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवले. तो हसत म्हणाला, "मरायचं ठरवूनच उतरतोयस की काय रे?"

मी म्हणालो, "बाबांनी कुठे ठरवलं होतं, मामा?"

मग त्याने सही केली. पेन माझे होते, ते त्याने परत दिले नाही. मागायला मी गेलो नाही. माझी सही पेन्सिलीने आहे, ती ग्राह्य धरावी.

लायल ऑर्व्हल स्टॅम्पर

साक्षीदार:
१. व्हर्लिन प्रेटर, मामा
२. ओडेसा किल्गोर, शेजारीण

बेकर्स फोर्ड, गुरुवार, १२ सप्टेंबर २०१९