त्या वळणावर गल्ली नाही

एलिहियो,

तुझा आत्ताच डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. काल संध्याकाळी विमा कंपनीतून पुन्हा फोन आला. आपली फाईल सापडत नाहीये, पोलिसांच्या पंचनाम्याची प्रत घेऊन या म्हणे. मी म्हटलं, "अहो, गेल्या महिन्यात तुमच्याच हातात दिली ना!" तर ती बाई म्हणते, "मग ती दुसऱ्या विभागात गेली असेल, सेन्योरा." म्हणून पहिल्या बसने असुन्सिओनला चाललेय.

त्यांचा सर्व्हेअर मात्र दहा वाजता घरी येतोय. टेंपोचा चेपलेला पत्रा ठोकत बसू नकोस, आहे तसा त्याला बघू दे. थंडगार तेरेरेचा पेला प्यायला दे. खायला चीज घालून भाजलेल्या चिपा फडक्याखाली झाकल्यात. आणि मागच्या सर्व्हेअरसारखा याच्या अंगावर धावून जाऊ नकोस, हात जोडते.

तो विचारेल, ट्रक समोर असताना वळलास कसा? ट्रक गल्लीतून अचानक आला, असं तू अर्जात लिहिलंस आणि मीही खाली सही केली. काल मी त्या वळणावर जाऊन आले. तिथे गल्लीच नाही रे.

ही चिठ्ठी एवढ्या मोठ्या अक्षरांत का लिहिलीय, ते तुला कळलंच असेल. गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय. मी तिकडे आपला अर्ज दुरुस्त करून मागते. भरपाई मिळेल की नाही, देव जाणे.

तू फक्त एवढंच सांग, की तुला ट्रक दिसला नाही. मी रागावणार नाही.

दिग्ना