पीईजी-१०० विरुद्ध मी

३ मार्च
बायकोच्या पार्लरमधल्या मसाज क्रीमच्या डब्यावरची बारीक अक्षरं आज भिंग लावून वाचली. (पार्लर म्हणजे आमची पुढची खोली. ऑफिसने मला मुदतीआधी मोकळं केल्यापासून मी मागच्या खोलीत असतो.) घटक पदार्थांत चक्क पीईजी-१०० स्टिअरेट! पी-ई-जी, म्हणजे पेग! दारूच्या थेंबालाही न शिवणाऱ्या माणसाच्या घरात शंभर पेग! आणि स्टिअरेट म्हणजे स्टिरॉइडच, स्पेलिंग फिरवलेलं. हे बंद झालंच पाहिजे. बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

४ मार्च
बायकोला सगळं समजावून सांगितलं. ती एका बाईच्या भुवया कोरत होती. दातात दोरा, त्यामुळे नुसतं ‘हं’ म्हणाली. होकार समजलो.

७ मार्च, दुपार
मेहुणी आली. ती क्रीमच्या कारखान्यात लॅबमध्ये असते, म्हणजे शत्रुपक्ष. तरी मोठ्या मनाने विचारलं. म्हणाली, भावोजी, तेल आणि पाणी एकजीव राहावं म्हणून ते घालतात. स्टिरॉइडशी त्याचा काडीचाही संबंध नाही. ते बनवताना एखादा नको तो अंश मागे राहू शकतो, तो काढून टाकावा लागतो, तपासावा लागतो. धडधाकट कातडीला त्रास नाही. सोललेल्या, भाजलेल्या जागी मात्र जपून.
जपून! म्हणजे कबुलीच की. पुढचं ऐकायची गरज उरली नाही.
मी स्वतः क्रीम बनवणार, असं जाहीर केलं. तिने विचारलं, टिकावी म्हणून काय घालणार? म्हटलं, शुद्ध हेतू. ती हसली नाही. या लोकांना विनोद कळत नाही.

१० मार्च
तेल, मेण, उकळलेलं पाणी. मिक्सरमधून काढलं. लोण्यासारखं पांढरंशुभ्र! डोळे भरून आले. ऑफिसातल्या कोणाला जमलं असतं?

११ मार्च
तेल वर, पाणी खाली. निसर्गाचा नियम आहे, त्यात लाजायचं काय. पुन्हा फिरवलं.
बायको म्हणाली, मिक्सरला मेणाचा वास येतोय, चटणी कशी वाटू? स्त्रियांना दूरचं दिसत नाही.

१९ मार्च
क्रीमवर करडे ठिपके. खरवडून काढले. खाली माल उत्तम. विषारी क्रीमवर बुरशीसुद्धा येत नाही, यातच सगळं आलं.
बायको बाजारात गेली तेव्हा पार्लरचा मोठा डबा मोरीत रिकामा केला आणि माझी क्रीम भरली. सांगितलं नाही. आधी निकाल दिसू दे, मग सांगू. श्रेय दोघांचं म्हणेन.

२१ मार्च
पहिली मानकरी वकीलबाई. बायकोचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. गालांवर वॅक्सिंग, मग मसाज. पडद्याआडून पाहिलं. बाई म्हणाल्या, आज वास वेगळा येतोय. बायको म्हणाली, नवा लॉट असेल. गोरीमोरी होऊन डबा हुंगत होती. अभिमान वाटला.

२४ मार्च
वकीलबाईंच्या दोन्ही गालांवर पुवाचे फोड. ताप. डॉक्टर म्हणे जंतू म्हणाले. शंभर पेगांची सवय असलेली त्वचा, शुद्ध वस्तू एकदम कशी सोसेल?
बायकोने डबा माझ्यासमोर ठेवला. मीच संशोधनाची बाजू मांडली, बराच वेळ. ती उभीच होती. शेवटी एवढंच म्हणाली, त्या माझ्या हाताखाली डोळे मिटून पडतात हो.
मुद्दा सोडून भलतंच.

२६ मार्च
बायको वकीलबाईंकडे जाऊन आली. सांगितलं म्हणे, चूक माझी, डबा न तपासता वापरला. माझं नाव काढलं नाही. एवढ्या शोधावर स्वतःचा हक्क सांगते! पण मी मोठ्या मनाने गप्प राहिलो.

९ एप्रिल
बातमी पसरली. पुढच्या खोलीतल्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. बायकोने आरसे पुसले, मग परत पुसले. बाजारातल्या मोठ्या पार्लरमध्ये नोकरीला लागते म्हणाली. तिथे तिच्याच हाताखाली शिकलेली मुलगी मालकीण आहे. म्हटलं, जा, माणसाने शिकत राहावं.

२ मे
रस्त्यात वकीलबाई भेटल्या. डाव्या गालावर डाग राहिलाय. आज सगळं सांगून टाकावं असं मनात होतं, तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, तुमच्या मिसेस फार सरळ बाई, चूक लगेच कबूल केली, मी काही मनात ठेवलं नाही.
मी म्हटलं, हो, ती जरा निष्काळजीच आहे पहिल्यापासून.
विषय मिटला. उगाच जुनं उकरण्यात अर्थ नाही.

६ मे
वकीलबाई नव्या पार्लरमध्ये बायकोला भेटायला गेल्या होत्या. मी बोललो ते त्यांनी सांगितलं. सहज, हसत हसत. बायकोनेही मला सहज सांगितलं. आवाज चढवला नाही. तिचा स्वभाव आता निवळतोय.

७ मे
बायको मेहुणीकडे गेली. थोडे दिवस, असं मीच म्हटलं. हवापालट होईल. कपाटातला तिचा कप्पा पूर्ण रिकामा आहे. उन्हाळ्यात कपडे जास्त लागतात.