कपाटात नसलेली बासष्ट

३ मार्च
नागपूरच्या या कॉलेज लायब्ररीत कंत्राटावर लागून पुढच्या महिन्यात दोन वर्षं. एवढं कुठंच टिकलो न्हाई. आज ऑनलाइन जर्नलं बंद झाली. मुदत संपली, यंदा बजेटात धरली न्हाईत. पोरं कॉम्प्युटरवर दाबून दाबून गेली. एक म्हणाला, "मामा, उघडत नाही." पंचविशीत मामा झालो.

७ मार्च
पुस्तकमोजणी. म्या नंबर वाचतो, ढोके क्लार्क टिक मारतो. दाखल रजिस्टरात, म्हणजे विकत घेतलेल्या पुस्तकाला नंबर पडतो त्या वहीत, मागच्या सालच्या पानावर आलो अन् थांबलो. अक्षर माझंच. बासष्ट ऑनलाइन जर्नलं, बासष्ट दाखल नंबर.
ढोके : "दाखव ना बे."
काय दाखवू? कपाटात असतील तर दाखवू.

८ मार्च
कसं झालं ते आठवून. बिल आलं तवा मॅडम, म्हणजे आमच्या ग्रंथपाल, रजेवर. नियतकालिकांच्या खात्यात कायच उरलं नव्हतं, म्हणून हिशेबवाल्यांनी पुस्तकांच्या खात्यातून द्यायचं ठरवलं. पण दाखल नंबर न्हाई म्हणून बिल परत. रजिस्टर माझ्याकडं, अक्षर बरं म्हणून. दिले टाकून नंबर. यादी छापली, पानापानावर शिक्का मारला. वाटलं, लई भारी काम केलं. मॅडम आल्या, घाईत सही केली.
नंबर पडला की ती वस्तू कायमची कॉलेजची. ही तर वर्षभर वाचायला भाड्यानं घेतल्यासारखी. आठवीपर्यंतची शाळा, पण एवढं तरी कळाय पाहिजे होतं.

१२ मार्च
मॅडम ३१ ला रिटायर. रजिस्टरातलं सगळं ताब्यात दिल्याबिगर ना-हरकत दाखला न्हाई, दाखल्याबिगर पेन्शनचे कागद हलत न्हाईत. सांगितलं त्यांना. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
"सही माझी आहे, बालाजी."
"अक्षर माझं हाय, मॅडम."
"अक्षराला कोणी विचारत नाही रे."

१५ मार्च
मोजणीच्या फॉर्मात तीनच रकाने. हरवले, फाटले, बाद. मुदत संपली असा रकानाच न्हाई. मॅडमनी हिशेबवाल्यांना लिहिलं, ही पुस्तकं नव्हेत, वर्षाची वर्गणी आहे. ते म्हणतात, मग पुस्तकांच्या पैशातून घेतलीच कशी? तुमीच म्हणलात की, साहेब! पण कागदावर कुठाय ते.
दिवसभर त्या खोलीतून या खोलीत. पाय दुखतेत.

१९ मार्च
ढोकेनं चहाला नेलं. "तू तं जाणारच आहेस ना बे. रोज म्हणतो, जातो-जातो. मग लिहून दे, मीच टाकले नंबर, मॅडमला माहीत नव्हतं. तुझं कंत्राट जाईल, बाईची पेन्शन वाचेल."
जाणारच होतो, खरंय. मामाचा पोरगा येरमाळ्याला रोडवर हॉटेल टाकतोय, बोलावतोय. पण जाणं येगळं अन् असं लिहून देऊन जाणं येगळं.

२४ मार्च
गावाकडनं, तेरहून आईचा फोन. "आवाज बारीक का रं? नोकरी हाय न्हवं?"
हाय म्हणलं. अजून हाय.

२७ मार्च
लिहिला कागद. चारदा फाडून. मॅडमकडं नेला. वाचला, लाल पेनानं दोन वेलांट्या नीट केल्या. सवय! मग 'मॅडमला माहीत नव्हतं' यावर रेघ मारली. "सही करताना दिसलं होतं मला. हा मी घेणार नाही." परत दिला.

२९ मार्च
उद्या अकराला प्राचार्यांनी बोलावलंय. मॅडमना, मला, हिशेबवाल्यांना. जाताना मॅडमनी स्वतः लिहिलेला कागद दिला. नंबर चुकून पडले, चूक दोघांची. खाली दोन सह्यांची जागा, त्यांची झालेली.
"पटलं तर कर. बळजबरी नाही."
एक शब्द खोटा न्हाई त्यात. पण यानं माझी नोकरीबी जाईल, त्यांची पेन्शनबी अडकंल. माझा कागद दिला तर जाईन मी एकटाच. त्यात एकच ओळ खोटी, तीबी रेघ मारलेली. नवीन लिहायला किती वेळ लागतोय.
पण त्या समोर बसलेल्या असणार. त्यांच्यासमोर ती ओळ वाचायची कशी…